कपाटाच्या दारावरची यादी

सातपूरच्या एका कारखान्यात मी पंधरा-सोळा वर्षं कॉम्प्युटर विभाग सांभाळला. सांभाळला म्हणजे लोकांवर डाफरलो, असं माझी बायको म्हणते आणि ते फारसं खोटं नाही. कोणी न विचारता मशीन हलवलं, कोणी घरून आणलेली सीडी घातली, की माझं डोकं फिरायचं. प्रत्येक मशीनला पक्का नंबर, प्रत्येक नंबरापुढे एका माणसाचं नाव, आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याला दार बंद, हा माझा कायदा. हजेरीपट समोर घ्यायचा, त्यावरून यादी करायची आणि यादीबाहेरच्या कोणाला ओळख दाखवायची नाही. या शिस्तीचा मला भारी अभिमान होता. आज तिच्याबद्दल लिहायला बसलोय ते मात्र अभिमानाने नव्हे.

आमचं घर मखमलाबाद रस्त्याला. आजोबांपासूनचा फुलांचा मळा. गुलाब आणि शेवंती जास्त, श्रावण ते दसरा झेंडू. मी नोकरीला लागलो, धाकट्या भावाने मळा घेतला आणि पुढे त्याला रोपांची नर्सरी जोडली. भावाचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, आमचं खाली, वडील ओसरीवर. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत आमची बहीण. भावाहून लहान, म्हणजे आम्हा तिघांत शेंडेफळ.

तिचं लग्न नव्वदच्या दशकात झालं, इगतपुरीला. मुलगा रेल्वेत होता, घरचं भाताचं शेत होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. दहा वर्षांनी ती एक बॅग घेऊन परत आली. तिकडे काय झालं ते तिने फक्त वडिलांना सांगितलं, आणि वडिलांनी आम्हाला एवढंच सांगितलं की ती आता इथेच राहणार आहे, तिला कोणी काही विचारायचं नाही. आम्ही विचारलं नाही. त्या वेळी वाटलं, हा आमचा मोठा समजूतदारपणा. पुढे पुढे लक्षात आलं की आम्हाला न विचारण्याची सवयच लागली होती. ती जेवली का, बरं वाटतंय का, दिवसभर काय करते, यातलंही काही विचारलं जाईना.

ती इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. त्या काळात एक नवीन काम नाशकापर्यंत आलं होतं. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासल्यावर त्याची माहिती टेपवर बोलून ठेवत, ते रेकॉर्डिंग इंटरनेटवरून इकडे येई आणि इकडच्या मुली ते कानाला हेडफोन लावून ऐकत, टाइप करत आणि परत पाठवत. घरी बसून करता येण्यासारखं. कॉलेज रोडला त्याचे क्लास निघाले होते. बहिणीने क्लास लावला. रोज सकाळी भाजी चिरून, भाकऱ्या थापून ती साडेनऊला निघायची आणि दुपारी दोनला यायची. आमच्या कारखान्यातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर मी तिला आणून दिला, यावर मी खूश होतो. तो लावून द्यायला मात्र मला वेळ झाला नाही. मी कामासाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा भावाने मागच्या खोलीपर्यंत केबल ओढली आणि त्याचं नेट सुरू केलं. त्यानंतर भिंतीपलीकडून तिच्या कीबोर्डचा आवाज मला रोज ऐकू यायचा. एकसारखा, न थांबता. मी पेपर वाचत असायचो.

याच्या थोडंच आधी घरात ब्रॉडबँड आलं होतं. राउटर मी हौसेने बिनतारी घेतला, पण त्याला पासवर्ड लावायचा आळस केला. कारखान्यात दुसऱ्याला त्यासाठी मेमो दिला असता. शेजारच्या नव्या इमारतीत कॉलेजची पोरं भाड्याने राहायची, त्यांना दोन दिवसांत पत्ता लागला. मग आमचं नेट मुंगीच्या पावलाने चालू लागलं. भावाच्या पुण्या-मुंबईच्या ऑर्डरींचे मेल अडकायला लागले. एकदा मी गच्चीवर गेलो तर समोरच्या बाल्कनीतला एक पोरगा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला आणि मला बघून हात करतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नुसता पासवर्ड लावून भागलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण माझं पाच मिनिटांत समाधान होत नाही, हाच तर माझा रोग. मी ठरवलं की घरातही कारखान्यासारखा पक्का बंदोबस्त करायचा. राउटर आपणहून कोणालाही आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर जायला लागणारा नंबर, वाटतो, ते बंद. प्रत्येक कॉम्प्युटरला स्टॅटिक म्हणजे कायमचा नंबर, तो मी हाताने घालणार. आणि फायरवॉलमध्ये एकच नियम, की यादीतल्या नंबरांना रस्ता मोकळा आणि बाकी सगळे बाहेर.

रविवार होता. सकाळी अंघोळ करून मी कामाला बसलो. यादी करायची तर घरी हजेरीपट कुठला? पण ब्रॉडबँडच्या अर्जाला पत्त्याचा पुरावा म्हणून रेशन कार्डाची झेरॉक्स जोडली होती, तिची एक जास्तीची प्रत टेबलावरच पडली होती. मी पेन्सिल घेतली आणि त्या झेरॉक्सवरच एकेका नावापुढे नंबर लिहीत गेलो. कोणाकडे कॉम्प्युटर आहे आणि कोणाकडे नाही, हेसुद्धा पाहिलं नाही. उद्या कोणी घेतला तर नंबर तयार हवा. पहिलं नाव वडिलांचं, त्यांना अकरा. वडील माउसला हात लावायला भ्यायचे, पण मोठ्यांना मागचा नंबर कसा द्यायचा? दुसरं नाव आईचं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. वडिलांना ते नाव काढवत नव्हतं, म्हणून ते कार्डात तसंच होतं. मी जरा थांबलो आणि तिला बारा दिला. देताना बरं वाटलं. मग मी, बायको, आमची मुलगी, भाऊ, भावजय, पुतणी.

ओसरीवर जाऊन मी वडिलांना सांगितलं की तुमचा नंबर अकरा. ते म्हणाले, "मला कशाला रं नंबर? मी काय पळून चाललोय का?" सगळे हसले. बहीण आत भाकऱ्या करत होती, तीही हसल्याचं मला आठवतं.

जेवताना मी सगळ्यांना ऐकवलं की आजपासून नेट फक्त घरातल्यांना मिळेल, बाहेरच्यांनी फुकट वापरायचे दिवस संपले. दुपारी एकेका मशीनपुढे बसून नंबर घातले. माझं, मुलीचं, वर जाऊन भावाचं, पुतणीचं. शेवटी राउटर बंद करून चालू केला. संध्याकाळी गच्चीवर गेलो तर बाल्कनीतला पोरगा लॅपटॉपकडे बघत डोकं खाजवत होता. मला इतका आनंद झाला की मी भावाला वर बोलावून तो देखावा दाखवला. झेरॉक्स राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

मागच्या खोलीत मी गेलोच नाही. जायचं राहिलं असंही म्हणता येणार नाही. राहिलं म्हणायला आधी ते मनात यावं लागतं.

सोमवारी संध्याकाळी मी कारखान्यातून वैतागून घरी आलो. तिकडे दिवसभर एक मशीन बंद पडून साहेबांची बोलणी खाल्ली होती. मी खुर्चीत बसून बुटांच्या लेस सोडत होतो. बहीण दारात येऊन उभी राहिली. हातात तिची वही होती.

"दादा, नेट सगळ्यांचंच बंद आहे का?"

मला वाटलं, पुतणीने पाठवलंय तिला. पोरीने कालपासून दोनदा तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर नेट मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. मी मान वर केली नाही.

"नाही, चालू आहे," मी म्हणालो. "ज्यांना द्यायचं त्यांना दिलंय."

 ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. लेसची गाठ बसली होती, ती मी सोडवत राहिलो.

त्या सोमवारपासून तिची चाचणी होती, हे मला माहीत नव्हतं. क्लासतर्फे एका कंपनीने तिला घरी करायला काम दिलं होतं. आठ दिवस रोज रेकॉर्डिंग येणार, ते चोवीस तासांत टाइप करून पाठवायचं, चुका कमी निघाल्या की काम कायमचं. माहेरी राहून, मागच्या खोलीत बसून, स्वतःच्या पायावर. तिने हे फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि निकाल लागेपर्यंत मला सांगू नका म्हणून गळ घातली होती. दादाला एकदम सांगायचंय, असं म्हणाली होती.

ते आठ दिवस ती सकाळीच बाहेर पडायची आणि उशिरा परतायची. आम्हाला वाटलं, क्लासची परीक्षा असेल. ती रविवार कारंजा चौकातल्या एका सायबर कॅफेत जात होती. तिथे बाजूच्या मशीनवर पोरं गोळीबाराचे गेम खेळायची, दिवसाआड लोडशेडिंग असायचं, आणि ती कानात हेडफोन खुपसून कोणा अनोळखी डॉक्टरचं पुटपुटणं ऐकायची. एकेक वाक्य पाच-पाच वेळा मागे घेऊन. हे सगळं मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की तिचं काहीतरी कामाचं चाललं होतं ते जमलं नाही. बायकोने सांगितलं. मी मोठ्या भावाच्या अधिकाराने ताटावर बसून तिची समजूत घातली, की डॉक्टरी इंग्रजी आहे, सगळंच काही आपल्या आवाक्यातलं नसतं, मनाला लावून घेऊ नकोस. ती "हो" म्हणाली आणि मला आमटी वाढली.

महिन्याभरात तिने त्र्यंबकला नोकरी धरली. मुलींच्या वसतिगृहात देखरेखीची, राहायची सोय तिथेच. वडील दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत, मग स्वतःच तिला बसस्टँडवर सोडायला गेले. जाण्याआधी तिने मागची खोली झाडून पुसून ठेवली. कॉम्प्युटरवर स्वच्छ चादर घातली. वायरी गुंडाळून गजऱ्याच्या दोऱ्याने बांधून ठेवल्या. बायको म्हणाली, किती टापटीप आहे बाई. मीही मान डोलावली.

दिवाळीनंतर पुतणीचा कॉम्प्युटर बिघडला. मला मागच्या खोलीतला आठवला. मी वायरी सोडल्या, मशीन चालू केलं, केबल लावली. नेट येईना. कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. मी सवयीने सेटिंग उघडलं. तिथे नंबर नव्हताच. मशीन अजूनही राउटरकडे आपणहून अ‍ॅड्रेस मागत होतं, आणि राउटर देत नव्हता, कारण मी त्याला देऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

मला लगेच उमगलं नाही. माझ्यासारख्या शहाण्यालाही ते उमगायला वेळ लागला. मी उठून कपाट उघडलं आणि झेरॉक्सवरून बोट फिरवत गेलो. अकरा, बारा, तेरा करत अठरापर्यंत. बहिणीचं नाव नव्हतं. ते असणारच नव्हतं. तिच्या लग्नानंतर आठ दिवसांनी रेशन ऑफिसात जाऊन तिचं नाव कमी करून आणलं होतं ते मीच. सासरच्या कार्डात नाव चढवायला तसा दाखला लागायचा. कारकुनाने लाल रेघ मारली, शिक्का उठवला, आणि एका फेरीत काम उरकलं म्हणून मी येताना पेढे घेऊन आलो होतो. पुढे नवीन कार्ड निघालं त्यात ती रेघही उरली नाही, आणि परत आल्यावर तिचं नाव पुन्हा घालायला कोणी गेलं नाही. गेलेल्या आईला मी नंबर दिला होता, आणि भिंतीपलीकडे जिचा कीबोर्ड वाजत होता तिला दिला नव्हता.

मग मी मशीनवर परत येऊन बसलो. तिचं सगळं पुसलेलं होतं, फक्त एक इंग्रजी पत्र राहिलं होतं. कंपनीला लिहिलेलं. तिने विनंती केली होती की मला फाइली पाठवायला थोडा जास्त वेळ मिळावा, कारण माझ्या भावाच्या घरी मला इंटरनेटची सोय नाही. इंग्रजी अगदी शुद्ध होतं. एकही चूक नव्हती.

तेव्हा मला तिचा प्रश्न आठवला आणि माझं उत्तरही. मी तिथेच बसून राहिलो. पुतणी दोनदा विचारून गेली, झालं का म्हणून, आणि मी तिच्यावर ओरडलो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही विचार करूनच केलं असेल. तुमच्या यादीत कोणाला घ्यायचं, ते तुम्ही कधी कोणाला विचारता?" बायकोलाही वाटलं होतं तर, की मी बहिणीला ठरवूनच वगळलं. घरातल्या एकालाही असं वाटलं नाही की ही चूक असेल. माझ्या शिस्तीची कीर्तीच तशी होती.

त्या दिवशी मी पेन्सिलने यादीच्या खाली बहिणीचं नाव लिहिलं आणि पुढे एकोणीस. त्या नंबरासाठी फायरवॉलमध्ये रस्ताही मोकळा केला. खोलीत माणूस नाही, मशीन वरच्या मजल्यावर गेलेलं, आणि मी नंबर उघडून बसलोय. फोन करायला हवा होता. वसतिगृहाचा नंबर वहीत होता. मी केला नाही. आज करू, रविवारी करू, समोरासमोर बोलू असं म्हणत राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

ती राखीला यायची, भाऊबीजेला यायची. ओवाळायची, जेवायची, वहिनीला भांडी आवरू लागायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. बायको दरवेळी राहा म्हणायची. ती म्हणायची, मुलींना एकटं टाकता येत नाही. माझ्याशी नीट बोलायची. माझी तब्येत विचारायची, मुलीचे मार्क विचारायची. त्या नीट बोलण्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती आणि मला तेच सोसायचं नाही. लहानपणी ती माझ्याशी कचाकचा भांडायची. शेवंतीच्या वाफ्यातली फुलं मोजून कोणी किती तोडली यावर माझे केस ओढायची.

अशीच दोन-तीन वर्षं गेली आणि वडील गेले. तेव्हा ती तेरा दिवस घरात राहिली, मागच्या खोलीत. चौदाव्या दिवशी मी तिला गाडीने त्र्यंबकला सोडायला निघालो. बसने जाते म्हणत होती, मी ऐकलं नाही. सातपूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि मी बोलायला लागलो. झेरॉक्स, पेन्सिल, नंबर, लाल रेघ, सगळं सांगितलं. आईच्या नंबराचंही सांगितलं. पत्र वाचल्याचं सांगितलं. लेस सोडत होतो हेही सांगितलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. शेवटी म्हणालो, "मी मुद्दाम नाही केलं गं. तू माझ्या डोक्यातच आली नाहीस."

ती अंजनेरीच्या डोंगराकडे बघत होती.  मला वाटलं, आता रडेल, किंवा हसेल आणि म्हणेल की जाऊ दे दादा. इतकी वर्षं मी त्याचीच वाट पाहत होतो. सांगून टाकलं की ओझं उतरेल, तिलाही बरं वाटेल की भाऊ दुष्ट नव्हता, एवढाच माझा हिशेब.

वसतिगृहाच्या फाटकापाशी गाडी थांबली. तिने बॅग मांडीवर घेतली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"मला वाटायचं, तू ठरवून केलंस. रात्र रात्र विचार करून, हिला देऊ की नको करत, आणि मग नको म्हणालास. लय राग होता मला त्याचा. पण दादा, तुझ्या त्या विचारात मी होते तरी."

तिने दार उघडलं. "हे नसतं सांगितलंस तर चाललं असतं," ती म्हणाली आणि उतरली.

फाटकातून दोन मुली पळत आल्या. एकीने तिची बॅग घेतली, दुसरी म्हणाली, "ताई, तेरा दिवस झाले, आम्ही मोजत होतो."